वाचक विचारतात : मिशिगनला नंबर आधी कशाला हवाय?

प्रश्न : नमस्कार दादा. माझा भाचा मिशिगन राज्यात, डेट्रॉइटजवळ असतो, गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर आहे. परवा फोनवर सांगत होता की त्यांच्या राज्यातली मंडळी 2028 साठी राष्ट्राध्यक्षपदाची प्रायमरी लवकर मिळावी म्हणून पक्षाकडे लॉबिंग करतायत आणि हाही शनिवारी त्यांच्या मीटिंगला जाऊन बसतो. मला काय ते कळेना. निवडणुकीची तारीख अशी मागून मिळते का? आणि लवकर मिळून फायदा तरी काय, मत ते मतच ना? — एक मामा, डिचोली

उत्तर : मामा, आधी एक घोळ काढून टाकूया. भाचा सांगतोय ती मुख्य निवडणूक नाही. मुख्य मतदान नोव्हेंबरमध्ये सगळ्या देशात एकाच दिवशी होतं, तिथे कोणाला नंबर वगैरे मागायची सोय नाही. प्रायमरी म्हणजे पक्षाचं तिकीट कोणाला द्यायचं त्यासाठीचं मतदान. आपल्याकडे तिकीट कसं मिळतं ते तुम्ही डिचोलीत बसून दर पाच वर्षांनी बघताच, इच्छुक दिल्लीच्या खेपा घालतो, कोणाकोणाच्या घरी हार-पेढे घेऊन जातो आणि अर्ज भरायच्या आदल्या रात्रीपर्यंत ए-बी फॉर्म कोणाच्या खिशात आहे ते खुद्द उमेदवारालाही माहीत नसतं. तिकडे ते तिकीट पक्षाचे मतदार देतात, एकेका राज्यात वेगवेगळ्या दिवशी, साधारण जानेवारी-फेब्रुवारीला सुरू होऊन जूनपर्यंत ते चालतं. प्रत्येक राज्यातून मतांच्या हिशोबाने डेलिगेट, म्हणजे अधिवेशनात मत देणारे प्रतिनिधी, निवडले जातात, उन्हाळ्यात पक्षाचं मोठं अधिवेशन भरतं आणि तिथे ज्याच्याकडे निम्म्याहून जास्त डेलिगेट त्याचं नाव पक्कं.

आता खरी गंमत तारखेत आहे. तिकडे मतमोजणी त्याच रात्री होते, एका राज्याचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी सगळ्या देशाला कळतं कोण पुढे कोण मागे, आणि मग ज्याला पहिल्या दोन-तीन राज्यांत मार बसला त्याचे देणगीदार फोन उचलायचे बंद होतात, टीव्हीवाले त्याच्या सभेला कॅमेरा पाठवत नाहीत आणि तो बिचारा घरी बसतो. म्हणजे उरलेल्या चाळीसेक राज्यांतल्या लोकांनी ज्याच्याबद्दल धड विचारसुद्धा केला नव्हता तो माणूस त्यांच्या मतपत्रिकेपर्यंत पोचायच्या आधीच बाद. 1976 मध्ये जिमी कार्टर नावाचा जॉर्जियाचा माजी गव्हर्नर होता, बाहेर त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं, तो आयोवा राज्यात घरोघर फिरला आणि तिथे त्याला साधारण 28 टक्के मिळाले. खरं तर सगळ्यात जास्त, 37 टक्के, 'अजून कोणालाच नाही' ह्या पर्यायाला होते! पण नाव असलेल्या उमेदवारांत तो पहिला, तेवढं पुरलं, गाजावाजा झाला आणि तो माणूस त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष झाला. तेव्हापासून सगळ्यांचे डोळे उघडले. त्याच्याही आधी 1952 मध्ये न्यू हॅम्पशरच्या प्रायमरीत खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रुमन हरले आणि महिनाभरात त्यांनी जाहीर करून टाकलं की मी पुन्हा उभा राहत नाही.

आणि उलट बाजू बघा. कॅलिफोर्निया, लोकसंख्येने देशातलं सगळ्यात मोठं राज्य, वर्षानुवर्षं जूनमध्ये मतदान करायचं. तोवर लग्न लागून अक्षतासुद्धा झाडून झालेल्या असायच्या. म्हणून त्यांनी 1996 ला तारीख मार्चमध्ये आणली, 2008 ला फेब्रुवारीत, मग परत जून, मग 2020 ला परत मार्च. असं एकेक राज्य पुढे सरकायला लागलं की बाकीचेही सरकतात, 2008 मध्ये तर एकाच दिवशी, 5 फेब्रुवारीला, वीसहून जास्त राज्यांनी मतदान उरकलं.

म्हणून तुमचा भाचा शनिवार घालवतोय तो काही अगदीच वाया नाही.

प्रश्न : मग पहिला नंबर न्यू हॅम्पशरसारख्या एवढ्याशा राज्याला का? मोठ्या राज्यांनी तो कधीच हिसकावून घ्यायला हवा होता. — एक वाचक, मडगाव

उत्तर : एवढ्याशा म्हणताय तर आकडा ऐका. 2020 च्या शिरगणतीत न्यू हॅम्पशरची लोकसंख्या पावणेचौदा लाखाच्या आसपास. आपल्या गोव्याची 2011 ची साडेचौदा लाख. त्यांचे खालच्या सभागृहात खासदार दोन, आपले लोकसभेत दोन. फरक इतकाच की त्यांच्या विधानसभेत आमदार आहेत 400, हो चारशे, आणि मानधन वर्षाला 100 डॉलर. आपल्या चाळीस आमदारांना हे सांगून बघा कोणीतरी.

सुरुवात काही फार मोठा विचार करून झालेली नाही. तिकडे मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी गावोगाव टाऊन मीटिंग असते, म्हणजे आपली ग्रामसभाच, फक्त तिथे गावाचं बजेट खरंच हात वर करून पास करतात. लोक त्या दिवशी जमणारच आहेत, हॉलची शेगडी पेटवायचा खर्च एकदाच होईल, मग प्रायमरीही त्याच दिवशी उरकूया असं ठरलं. पहिली झाली 1916 मध्ये, आणि 1920 पासून योगायोगाने ती देशात सगळ्यात आधी यायला लागली. योगायोग संपला तेव्हा त्यांनी कायदा केला. आज त्यांच्या कायद्यातच लिहिलंय की आमची प्रायमरी दुसऱ्या कुठल्याही राज्याच्या तसल्या निवडणुकीच्या निदान सात दिवस आधी होणार आणि तारीख ठरवायचा अधिकार तिथल्या सेक्रेटरी ऑफ स्टेटला, म्हणजे राज्याच्या निवडणुका बघणाऱ्या अधिकाऱ्याला. त्या खुर्चीवर बिल गार्डनर नावाचे गृहस्थ 1976 पासून 2022 पर्यंत बसले होते. बाकी राज्यं आपापल्या तारखा जाहीर करायची, हे शांतपणे थांबायचे आणि सगळ्यांचं झालं की कॅलेंडर काढून त्यांच्या आधीचा मंगळवार धरायचे. दुसरं राज्य पुढे आलं की हे आणखी पुढे. ह्या पळापळीत 2008 आणि 2012 ला आयोवाचं मतदान (ते प्रायमरी नाही, कॉकस, म्हणून ह्या कायद्याच्या आड येत नाही; कॉकस काय ते पुढे सांगतो) 3 जानेवारीला आलं, म्हणजे उमेदवार नाताळात लोकांच्या दारात उभे!

उमेदवारी भरायचीही पद्धत मजेची आहे, राजधानी कॉन्कॉर्डच्या स्टेट हाऊसमध्ये जायचं, 1,000 डॉलर भरायचे, फॉर्म भरायचा, झालं, नाव मतपत्रिकेवर. त्यामुळे तिथे माजी गव्हर्नरच्या मागे रांगेत डोक्यावर भलामोठा बूट घालून फिरणारा गृहस्थही उमेदवार असतो.

लहान राज्याच्या बाजूने जे बोलतात त्यांचं म्हणणं असं की इथे पैसा कमी लागतो, मतदार उमेदवाराला तीन-तीनदा प्रत्यक्ष भेटतो, उलटसुलट विचारतो. हे आपल्याला कळायला जड नाही, आपल्याकडेही कोपरा बैठकीत वीस माणसं असली तरी उमेदवार येतो आणि गटार का तुंबलं ते त्याला ऐकावं लागतं. पण विरोधकांचा मुद्दाही खोटा नाही. तिथे दहातले जवळजवळ नऊ लोक गोरे, आयोवातही तसंच थोडंफार, मग ज्या पक्षाला काळ्या आणि लॅटिनो लोकांची मतं हवीत त्याने पहिली चाळणी ह्यांच्या हातात का द्यावी? मला विचाराल तर हा मुद्दा वजनदार आहे, पण लहान राज्यच नको असं म्हणायला मात्र मी तयार नाही, का ते पुढे कळेल.

प्रश्न : लॉबिंग म्हणजे नेमकं कोणाचे पाय धरायचे? पैसे वगैरे द्यावे लागतात की काय? — एक विद्यार्थिनी, ताळगाव

उत्तर : पाकीट द्यायचा मामला नाही हा, पण पाय एका ठिकाणी धरून भागत नाही आणि तिथेच बहुतेकांचं फसतं.

पहिलं दार राष्ट्रीय पक्षाचं. डेमोक्रॅटिक पक्षात नियम आणि उपविधी बघणारी एक समिती आहे, फेब्रुवारीत वगैरे कोणाला आधी मतदान करू द्यायचं ते ती ठरवते. 2022 मध्ये आयोवाची मक्तेदारी मोडायचं ठरलं तेव्हा त्यांनी राज्यांकडून चक्क अर्ज मागवले, कारण 2020 ला आयोवात निकाल कळवायचं अ‍ॅप कोलमडलं होतं आणि विजेता कोण ते कळायलाच दिवसच्या दिवस गेले. मग राज्यांची शिष्टमंडळं येऊन समितीपुढे प्रेझेंटेशन देऊन गेली. आमच्याकडे सगळ्या वर्णांचे लोक आहेत, आमच्याकडे कामगार संघटना आहेत, आमच्याकडे नोव्हेंबरमध्ये चुरस असते, आमच्याकडे प्रायमरी खरंच घेता येईल असा कायदा होऊ शकतो. असले मुद्दे. मिशिगनची ही मागणी तर फार जुनी, तिथले सिनेटर कार्ल लेव्हिन आणि पक्षाच्या नेत्या डेबी डिंगेल ह्यांनी ती कितीतरी वर्षं लावून धरली होती. लेव्हिन 2021 ला गेले, त्यांना काही हा दिवस बघायला मिळाला नाही. डिसेंबर 2022 ला बायडन ह्यांनी पक्षाला पत्र लिहून यादी सुचवली, पहिलं साउथ कॅरोलायना, आणि लवकरच्या राज्यांत मिशिगनही. साउथ कॅरोलायना पहिलं का, तर 2020 ला पहिल्या तीन राज्यांत मार खाऊन अर्धमेले झालेल्या बायडनना त्या राज्यानेच उभं केलं होतं, त्यामुळे हे बक्षीसच आहे असं लोक उघड म्हणाले आणि त्यात काही फार चूक नव्हतं.

दुसरं दार राज्याच्या विधिमंडळाचं. प्रायमरीला मतदान केंद्रं, यंत्रं, कर्मचारी सगळं सरकारचं, त्यामुळे तारीख कायद्याने बदलावी लागते. मिशिगनमध्ये काय झालं ते बघण्यासारखं आहे. तारीख ठरली होती 27 फेब्रुवारी 2024. कायदा पास झाला, गव्हर्नर व्हिटमर ह्यांनी सहीही केली, पण तो लगेच लागू व्हायला दोनतृतीयांश मतं लागतात आणि ती मिळाली नाहीत. मग नियम असा की अधिवेशन संपल्यावर 90 दिवसांनी कायदा लागू. नेहमीसारखं अधिवेशन डिसेंबरच्या शेवटापर्यंत ताणलं असतं तर कायदा मार्चमध्ये लागू झाला असता, म्हणजे फेब्रुवारीची प्रायमरी बोंबललीच. तेव्हा आमदारांनी काय केलं, 14 नोव्हेंबरलाच गाशा गुंडाळला आणि घरी गेले! आपल्याकडे पर्वरीत अधिवेशनाचे दिवस कमी केले म्हणून विरोधक दर वेळी ओरडतात, तिकडे प्रायमरीसाठी ते मुद्दाम कमी केले.

तिसरं दार सगळ्यात अवघड, ते म्हणजे दुसरा पक्ष. मिशिगनची फेब्रुवारीची तारीख रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय नियमात बसत नव्हती, तर त्या बिचाऱ्यांना थोडे डेलिगेट प्रायमरीतून आणि बाकीचे मार्चमधल्या वेगळ्या मेळाव्यातून निवडायची कसरत करावी लागली. आणि जॉर्जिया राज्याला बायडनच्या यादीत लवकरची जागा दिली होती तरी ती मिळाली नाही, कारण तिथे तारीख ठरवणारा अधिकारी रिपब्लिकन, त्याने सरळ नाही म्हटलं, विषय संपला.

प्रश्न : समजा एखाद्या राज्याने कोणाचं ऐकलंच नाही आणि आपलीच तारीख धरली तर? — एक वाचक, फोंडा

उत्तर : असं झालंय, आणि त्यातही मिशिगनच होतं. 2008 ला मिशिगनने 15 जानेवारी आणि फ्लोरिडाने 29 जानेवारी धरली, परवानगी नसताना. डेमोक्रॅटिक पक्षाने सांगितलं तुमचे सगळे डेलिगेट रद्द. ओबामांनी मिशिगनच्या मतपत्रिकेवरून नावच काढून घेतलं, हिलरी क्लिंटनचं राहिलं, आणि तरी 40 टक्के लोकांनी क्लिंटनना न देता 'कोणालाच नाही' वर मत दिलं. पुढे ओबामा-क्लिंटन सामना इतका चुरशीचा झाला की ते रद्द केलेले डेलिगेट सोन्याच्या भावाचे झाले, मे महिन्याच्या शेवटी समितीने त्यांना अर्धं-अर्धं मत परत दिलं आणि ऑगस्टच्या अधिवेशनात, ओबामा नक्की झाल्यावर, पूर्ण. शिक्षा झाली म्हणायची आणि नाही पण म्हणायची. रिपब्लिकन पक्षाने मात्र 2012 ला फ्लोरिडाचे निम्मे डेलिगेट कापले ते कापलेच.

न्यू हॅम्पशरने 2024 ला पक्षाचं न ऐकता 23 जानेवारीला मतदान घेतलं. बायडन ह्यांचं नाव मतपत्रिकेवर नव्हतं, लोकांनी हाताने त्यांचं नाव लिहिलं आणि ते जिंकले. त्यांचेही डेलिगेट शेवटी अधिवेशनात बसलेच. म्हणून राज्यं घाबरत नाहीत.

नेवाडाची गंमत तर वेगळीच, तिथे त्याच वर्षी सरकारी प्रायमरी 6 फेब्रुवारीला आणि रिपब्लिकन पक्षाचा स्वतःचा कॉकस दोन दिवसांनी. ट्रम्प कॉकसमध्ये उभे, त्यांच्या प्रतिस्पर्धी निक्की हेली प्रायमरीत. समोर तगडं कोणी नाही तरी हेली हरल्या, आणि हरल्या कोणाकडून तर 'यांपैकी कोणीही नाही' ह्या पर्यायाकडून. आपला नोटा 2013 पासून आहे, नेवाडात 1975 पासून, पण नोटाने मोठ्या उमेदवाराला असं उघड हरवलेलं मी तरी पहिल्यांदाच बघितलं.

प्रश्न : कॉकस म्हणजे काय? — एक वाचक, साखळी

उत्तर : मतदान केंद्राऐवजी शाळेत, हॉलमध्ये संध्याकाळी जमून पक्षाने स्वतः घेतलेली निवड. थंडीत तास-दोन तास बसावं लागतं, रात्रपाळीवाला जाऊ शकत नाही, म्हणून बऱ्याच राज्यांनी तो बंद केला.

प्रश्न : मग आपल्या गोव्यानेही लोकसभेच्या पहिल्या टप्प्यात मतदान व्हावं म्हणून मागणी का करू नये? दोन खासदारांना दिल्लीत विचारतो कोण? — एक वाचक, पेडणे

उत्तर : पेडणेकर, प्रश्न झकास आहे, पण टप्पा पहिला मिळून आपल्या हातात काहीच पडणार नाही. 2024 ला आपण 7 मे ला मत दिलं, तिसऱ्या टप्प्यात, आणि निकाल 4 जूनला. विधानसभेला तर आपला नंबर मुळात आधीच असतो. 2017 ला आपण आणि पंजाब 4 फेब्रुवारीला सगळ्यात आधी मतदान करून मोकळे झालो आणि मतमोजणी 11 मार्चला, उत्तर प्रदेशचे सात टप्पे संपेपर्यंत आपली यंत्रं स्ट्राँगरूममध्ये आणि उमेदवार देवळांत. 2022 ला 14 फेब्रुवारीला मतदान, 10 मार्चला मोजणी. मधल्या काळात एक्झिट पोलही दाखवता येत नाही, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 126 ए आहे त्याला. म्हणजे आपण काय केलं हे उरलेल्या देशाला कळूच नये अशी मुद्दाम केलेली सोय. आणि ती बरोबरच आहे, इथे थेट सरकार निवडायचं असतं, एकाच्या निकालाने दुसऱ्याचं मत फिरू नये. तिकडे ते फिरतं म्हणून तर तारखेला किंमत.

तारखेसाठी लॉबिंग आपल्याकडेही होतं, पण सणवारासाठी. 2022 ला पंजाबचं मतदान गुरू रविदास जयंतीमुळे 14 वरून 20 फेब्रुवारीला नेलं. 2023 ला राजस्थानात लग्नाचे मुहूर्त होते म्हणून दोन दिवस पुढे ढकललं, मिझोराममध्ये रविवारी चर्च असतं म्हणून मतमोजणी सोमवारी.

पण तुमच्या मनातली खरी गोष्ट मी ओळखलीय. आयोवा मक्याचं राज्य, मक्याचं इथेनॉल होतं, आणि वर्षानुवर्षं वॉशिंग्टनमध्ये इथेनॉलविरुद्ध बोलणारा माणूस आयोवात उतरला की त्याला अचानक इथेनॉल आवडायला लागायचं. सगळेच वाकले नाहीत, 2016 ला सिनेटर टेड क्रूझ विरोध करूनही तिथे जिंकले, पण बोलावं प्रत्येकाला लागलं. आता कल्पना करा, आपल्याकडे पंतप्रधानपदाचा उमेदवार पक्षाचे मतदार राज्याराज्याने निवडतायत आणि पहिला नंबर गोव्याचा. म्हादई नदीवरच्या कर्नाटकाच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाचं काय करणार हे प्रत्येकाला वाळपईत चहा घेताना सांगावं लागलं असतं. पाणीवाटपाच्या लवादाचा निवाडा 2018 ला आला, भांडण अजून चालूच आहे, आणि तिकडे कर्नाटकाचे 28 खासदार, महाराष्ट्राचे 48, आपले दोन. खाणी 2012 ला बंद पडल्या, 2018 ला सुप्रीम कोर्टाने 88 लीज रद्द केली, डिचोली-सांगेतले ट्रकवाले हप्ते फेडत बसले, त्यावर दिल्लीतल्या कुठल्या मोठ्या नेत्याने प्रचारात अर्धा तास घालवला सांगा. दोन जागांसाठी कोण घालवेल. न्यू हॅम्पशरलाही दोनच आहेत, पण नंबर पहिला असल्यामुळे भावी राष्ट्राध्यक्ष तिथल्या कॅफेत उभा राहून उत्तरं देतो. तो नंबर ते सहजासहजी सोडत नाहीत ह्यात मला तरी काही विचित्र वाटत नाही.

प्रश्न : पुन्हा एकदा मीच, डिचोलीचा मामा. भाचा स्वतः त्यात मत देऊ शकेल का? त्याला ग्रीन कार्ड मिळालंय. — तोच वाचक

उत्तर : ग्रीन कार्डवर नाही. मत फक्त नागरिकाला, आणि चुकूनही नाव नोंदवलं तर पुढे नागरिकत्व मिळताना भारी अडचण होते, एवढं त्याला आठवणीने सांगा, तिकडे लायसन्स काढताना फॉर्मवर तो रकाना असतो आणि मुलं घाईत टिक करून मोकळी होतात. मीटिंगला जायला, पत्रकं वाटायला, फोन करायला मात्र हरकत नाही. नागरिक झाला की आपला पासपोर्ट जाईल, ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, घ्यावं लागेल आणि इथलं मत संपेल, ते आपल्या पोर्तुगीज पासपोर्टवाल्या गोंयकारांना वेगळं सांगायला नको.

मग 2028 ला तो नागरिक झालेला असलाच तर मिशिगनमध्ये मतदानाच्या दिवसापर्यंत नाव नोंदवता येतं. तिथे पक्षाचा सदस्य म्हणून आधी नोंद लागत नाही, फक्त प्रायमरीला कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी ते लिहून द्यावं लागतं. त्यातही 'कोणालाच नाही' हा पर्याय असतो. 2024 ला तिथल्या एक लाखाहून जास्त लोकांनी गाझाच्या युद्धावरून नाराजी दाखवायला तोच वापरला आणि बायडनच्या प्रचारवाल्यांना धावपळ करायला लावली, फेब्रुवारी होता म्हणून, जूनमध्ये कोणी ढुंकून बघितलं नसतं. आणि हो, कोणत्या पक्षाची मतपत्रिका घेतली ह्याची नोंद राहते, ती कोणालाही मागता येते. मत कोणाला दिलं त्याची नाही.